संशयाचा अधिकार

ज्याने शास्त्र अजून पुरते आत्मसात केलेले नाही, त्याला त्या शास्त्राविषयी शंका घेण्याचा अधिकार पोहोचतो काय, हा प्रश्न एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांना संशोधनाची संधी द्यावी की नाही या चर्चेत सहसा उघडपणे विचारला जात नाही, परंतु चर्चा फिरते ती त्याच्याभोवतीच. वेदान्ताच्या प्रकरणग्रंथांत आरंभीच ‘अधिकारी’ कोण हे ठरविले जाते, कारण पूर्वतयारीवाचून विद्या फळत नाही अशी त्यामागची धारणा असते. आणि आधी पाठांतर, मग परीक्षा, पदव्युत्तर प्रबंध व जमल्यास संशोधन हा वैद्यकीय महाविद्यालयांचा क्रमही नकळत त्याच धारणेवर उभा आहे.

न्यायदर्शन मात्र वेगळी वाट दाखविते. न्यायसूत्रकार गौतमाच्या सोळा पदार्थांत, म्हणजे विचारार्ह विषयांत, प्रमाण आणि प्रमेय यांच्या पाठोपाठ संशय येतो, आणि भाष्यकार वात्स्यायनाच्या मते जे मुळीच ज्ञात नाही किंवा ज्याचा निर्णय होऊन चुकला आहे, तेथे परीक्षणाला वाव नसतो. तो असतो संशयित अर्थाच्या ठिकाणी. अर्धे जाणणारा विद्यार्थी नेमका याच ठिकाणी उभा असतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही (तेही पुनर्जन्माच्या चर्चेत!) आप्तोपदेश, म्हणजे विश्वसनीय जाणकारांचे वचन, हे परीक्षेच्या चार साधनांपैकी केवळ एक मानले असून प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती ही त्याच्या जोडीला दिली आहेत, एमबीबीएसची वर्षे मात्र बहुतांशी आप्तोपदेशावरच निभावतात.

अर्धे जाणणाऱ्याच्या संशयाचे एक उदाहरण पाहू. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स येथे जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी १९१६ साली विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठविणाऱ्या द्रव्यांचा अभ्यास करीत असता यकृताच्या अर्कात नेमका उलटा गुण त्याला आढळला. हॉवेल साशंक होते, म्हणून, मॅक्लीनच्या नंतरच्या आठवणीनुसार, त्याने मांजराच्या रक्तात तो अर्क मिसळून ते पात्र गुरूंच्या टेबलावर ठेवले आणि रक्त गोठले की कळवा असे सांगितले. ते गोठलेच नाही. रक्त गोठू न देणारे आजचे औषध हेपारिन म्हणजे तेच द्रव्य नव्हे, आणि शोधाच्या श्रेयाचा वादही पुढे बराच रंगला, तथापि येथे महत्त्व आहे ते गुरुवचनापुढे प्रत्यक्ष ठेवण्याची मुभा शिष्याला होती याला.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९७९ साली सुरू केलेल्या अल्पमुदतीच्या विद्यार्थिवृत्तीत अशी मुभा दोन महिन्यांपुरती मिळते: विद्यार्थी मार्गदर्शकाच्या साहाय्याने प्रस्ताव लिहितो, काम करतो आणि अहवाल देतो. खरी अडचण मात्र अधिकारापेक्षा प्रयोजनाची, म्हणजे हे काम कशासाठी करावयाचे याची, आहे. ओपीडीच्या रांगेत ताटकळलेल्या रुग्णापुढे प्रश्नावली व संमतीपत्र धरणाऱ्या विद्यार्थ्याला केवळ प्रमाणपत्र हवे असेल, तर तो रुग्ण त्याच्या लेखी साधनमात्र उरतो, आणि माणसाला निव्वळ साधन मानू नये हा कांटचा नियम सही घेऊनही मोडला जातो. नकार दिल्यास उपचारात फरक पडणार नाही, हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगणे म्हणूनच औपचारिकता नव्हे, तर प्रयोजनाची पहिली कसोटी ठरते. अपेक्षित संबंध आढळला नाही, असे अहवालात निःसंकोच लिहिता येणे ही प्रयोजनाची दुसरी कसोटी होय, आणि तिच्यावर विद्यार्थ्याइतकाच मार्गदर्शकही तपासला जातो.