एका मीटरची तीन बिऱ्हाडे

बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये, चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात सात-सात घरांच्या मधोमध एकेक अंगण सोडून उभारलेल्या त्या वसाहतीत, संध्याकाळी वारा खात बसलो असता, कोकण भवनात महसूल खात्याची नोकरी करून निवृत्त झालेल्या मामांनी वीजबिलाच्या पाठीवर पेन्सिलीने आकडे मांडण्यास आरंभ केला.

"गावठाणातल्या चाळीत एका मीटरवर तीन बिऱ्हाडे, प्रत्येकी महिन्याला १२० युनिट. मीटर निराळे असते तर ३६० पैकी ३०० युनिट सर्वांत स्वस्त दराने पडते. एकत्र आहेत म्हणून पहिले १०० तेवढे स्वस्त, पुढचे २०० महाग आणि वरचे ६० त्याहून महाग! टॉवरमधला एकटा गृहस्थ मात्र रात्री एसी लावूनही तीनशेच्या आत."

"पण जास्त वापरणाऱ्याने जास्त द्यावे, हे तत्त्व न्याय्यच ना?"

"तत्त्वाविषयी तक्रार नाही, मोजणीचे माप चुकले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य लावून दिले. धान्य डोई मोजून, वीज मीटर मोजून!"

"मग शिधापत्रिका मीटरला जोडायची? मामा, त्या बिऱ्हाडांची नावे अजून गावाकडच्या पत्रिकेवर आहेत. डोकी मोजू गेलात, तर ज्यांच्यासाठी मोजायची तेच बाद होतील. शिवाय गरज नुसत्या डोक्यांनी ठरते का? या अंगणात पंखा लागत नाही. त्या बिनखिडकीच्या खोलीत तो दिवसभर फिरतो."

मामा बराच वेळ गप्प राहिले. आपला मुद्दा खोडला गेला की पेन्सिलीचे टोक न्याहाळण्याची त्यांची जुनी सवय आहे.

"तर मग बिऱ्हाडागणिक मीटर. २००३ च्या वीज कायद्याने मालकाप्रमाणेच भोगवटादारालाही जोडणी मागण्याचा हक्क आहे."

"हक्क आहे, पण भाडेकरूच्या नावे मीटर लागला की उद्या तो वहिवाटीचा दाखला होईल, या धास्तीने मालक त्याला अर्जच करू देत नाही. अर्ज केला, तर खोली जाते."

मामांनी बिल सुलटे केले. त्यावर ग्राहक क्रमांक होता, मीटर क्रमांक होता, मंजूर भार होता. घरात माणसे किती, हा रकाना नव्हता.