जामिनाची सही

पेरणी तोंडावर आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या दिग्रसमध्ये पतसंस्थांच्या कर्जाचे फॉर्म फिरू लागतात. फॉर्मवर कर्जदाराच्या खाली जामीनदारांच्या जागा असतात. चर्चच्या मंडळीत कोणी शिक्षक असेल, नर्स असेल, तर लोक आधी त्यांच्याच दारी येतात, कारण पगारपत्रक असलेला जामीनदार संस्थेला चालतो. ‘‘भाऊ, एक सही द्या ना. हप्ते तर मीच भरतो.’’ समोर उपासनेत शेजारी बसणारा माणूस. नाही कसं म्हणायचं?

बायबलमधली नीतिसूत्रे मात्र ‘नाही’ म्हणायला सांगतात, आणि तेही एकदा नव्हे. सहाव्या, अकराव्या, सतराव्या, विसाव्या, बाविसाव्या अध्यायात जामिनाचा इशारा येतो. बाविसाव्यात तर थेट अंगाखालचं अंथरूण ओढून नेलं जाईल, असं बजावलं आहे. यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून १९८३ साली पुण्याला जाईपर्यंत होती. तिथे शिकलेल्यांनी किती प्रवचनं केली असतील. पण नीतिसूत्रांवरचं प्रवचन म्हटलं की बहुधा एकतिसावा अध्याय निघतो, सद्गुणी स्त्रीचा. लग्नात तो शोभतो, आणि ऐकणाऱ्याच्या खिशाला त्याची झळ लागत नाही.

अंथरुणाची गोष्ट जुनी म्हणून सोडून देता येत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की करारात वेगळं ठरलं नसेल तर कर्जदाराची जितकी जबाबदारी, तितकीच जामीनदाराची. म्हणजे ‘नुसती सही’ असं काही नसतंच. कापूस बुडाला की वसुली सही करणाऱ्याच्या दारात येऊ शकते, आणि त्याच्या घरच्यांना कर्जाचा पत्ता तेव्हा लागतो.

मग ख्रिस्ती माणसानं हात आखडता घ्यायचा? येशू तर डोंगरावरच्या प्रवचनात उसनं मागणाऱ्याकडे पाठ फिरवू नका म्हणतो. आणि हेच नीतिसूत्रांचं पुस्तक एकोणिसाव्या अध्यायात गरिबावर दया करणं म्हणजे परमेश्वराला उसनं देणं मानतं. मला यात विरोध दिसत नाही. दान हातातल्या पैशातून होतं. त्याचा आकडा देणाऱ्याला ठाऊक असतो. जामीन हा न मिळवलेल्या पैशाचा शब्द असतो, तोही बायकोला, मुलांना न विचारता दिलेला. बियाण्याची एक पिशवी घेऊन द्यावी, परत येणार नाही असं धरूनच द्यावी. दोन लाखांच्या कागदावर भिडेखातर सही करू नये. भीड म्हणजे प्रीती नव्हे, आणि आपल्याकडे बऱ्याच सह्या भिडेच्याच असतात.

शास्त्रात जामीन राहिलेला माणूसही आहे. उत्पत्तीत यहूदा धाकट्या बन्यामिनासाठी बापाला जामीन राहिला, आणि मिसरात वेळ आली तेव्हा त्याच्याऐवजी गुलाम व्हायला स्वतः पुढे झाला. इब्री लोकांस पत्रात तर येशूलाच जामीन म्हटलं आहे. दोघांनाही किंमत आधीच ठाऊक होती. ती पूर्ण भरायची तयारी असेल, घरच्यांचीही असेल, तर सही खुशाल करावी.

आणि सही होऊन गेली असेल तर? सहावा अध्याय रडत बसू देत नाही. डोळ्याला डोळा लागू न देता शेजाऱ्याकडे जा, नमतं घे, गळ घाल, म्हणतो. दिग्रसमध्ये याचा अर्थ इतकाच, की दिवाळीनंतर कर्जदार कापूस विकायला निघेल त्या दिवशी त्याच्यासोबत बाजारात जायचं, आणि पट्टी हातात पडली की तसंच दोघांनी मिळून पतसंस्थेत. त्याला राग येईल; येऊ द्यावा.