दुसरी चिठ्ठी

फ्रान्समधल्या एका गावात एक म्हातारा पाववाला होता. 2009 साली त्याच्या स्वादुपिंडात कर्करोगाची गाठ निघाली. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला वेढून बसली होती, त्यामुळे शस्त्रक्रिया होण्यासारखी नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "केमो तर देऊच. चार महिन्यांत गाठ वाढली नाही, तर पुढे काय, यावर आम्हा डॉक्टरांचंच एकमत नाही. कुणी म्हणतं केमोच चालू ठेवावी, कुणी म्हणतं रेडिएशन द्यावं. खरं काय ते कळावं म्हणून अभ्यास चालू आहे. पहिल्या चिठ्ठीवर केमोसोबत आणखी एक औषध द्यायचं की नाही ते ठरतं, दुसऱ्या चिठ्ठीवर पुढचं. तुम्ही याल?"

"त्याने मी बरा होईन?"

"तसं वचन देता येणार नाही. नकोसं झालं तर केव्हाही बाहेर पडा."

बायकोला राहवलं नाही. "आजारी माणसाच्या नावाने चिठ्ठ्या कसल्या काढता?"

"आम्ही निवडायला बसलो, तर त्यातल्या त्यात धडधाकट माणसांनाच रेडिएशन देऊ. ती जास्त जगली, तर ते रेडिएशनमुळे की अंगच्या ताकदीमुळे, हे कसं कळणार?"

म्हाताऱ्याने कागद घरी नेले, सावकाश वाचले आणि सही केली.

चार महिन्यांनी दुसरी चिठ्ठी निघाली. रेडिएशन. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे, सोबत गोळ्या. मळमळायचं, चालताना धाप लागायची. तरी तो जात राहिला.

तिथे त्याला एक बाई भेटायची. तिच्या चिठ्ठीत नुसती केमो आली होती. एकदा तो तिला म्हणाला, "तुमच्या वाट्याला रेडिएशन आलं नाही, वाईट वाटतं."

ती म्हणाली, "मी नसते, तर तुमचं कशाशी ताडून पाहिलं असतं?"

पुढच्या हिवाळ्यात तो गेला. बाईही फार दिवस राहिली नाही.

2016 साली अभ्यासाचा निकाल छापून आला. म्हातारी डॉक्टरांकडे गेली. त्यांनी समजावून सांगितलं. दुसऱ्या चिठ्ठीपर्यंत 269 जण पोहोचले होते. रेडिएशन घेतलेल्यांपैकी निम्मे 15.2 महिन्यांहून जास्त जगले, नुसत्या केमोवाल्यांपैकी निम्मे 16.5 महिन्यांहून जास्त. हा फरक धरण्याजोगा नव्हता. रेडिएशनने आयुष्य वाढलं नव्हतं. मात्र गाठ मूळ जागी वाढण्याचं प्रमाण 46 टक्क्यांऐवजी 32 टक्के होतं.

"मग त्यांचे सहा आठवडे फुकट गेले?"

फुकट कसे जातील? ज्याचं उत्तर नामांकित डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं, ते या माणसांनी आपल्या उरलेल्या दिवसांतून काढून दिलं. उत्तर 'नाही' असं आलं, म्हणून त्यांचं देणं उणं होत नाही.

डॉक्टरांनी म्हातारीला थोडं थांबायला सांगितलं. बाहेर बसलेल्या नव्या रुग्णाला आत बोलावलं. त्यालाही तीच गाठ होती, आणि त्याने तोच प्रश्न विचारला, "रेडिएशन घेतलं तर जास्त जगेन?"

डॉक्टर म्हणाले, "गाठ जागच्या जागी रोखायला मदत होते. आयुष्य वाढत नाही. आता तुम्ही ठरवा."