मठ कोणाच्या नावावर?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

यंदाच्या दत्तजयंती अंकासाठी संपादक मंडळींनी मला 'आपल्याकडचे जुने मठ' हा विषय दिला. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि ३४ वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून निवृत्त झालो. त्यामुळे मठ म्हटलं की माझ्या मनात आधी बँकेचा फॉर्म येतो. फॉर्मवरचा पहिला रकाना 'खातेदाराचे नाव'. संन्याशाने सगळं सोडलेलं असतं, त्याचं स्वतःचं नावसुद्धा त्याने मागे टाकलेलं असतं. मग त्याच्या मठाची जमीन, भांडी, तिजोरी, समईतलं तेल हे सारं कोणाच्या नावावर? वाचकहो, प्रश्न वाटतो तितका कारकुनी नाही. माझ्यापुरता तर तो गेली दोन वर्षं झोपेत सुद्धा येतो. का येतो ते पुढे सांगेन.

दापोली तालुक्यात पन्हाळेकाजीला २९ लेणी आहेत. ज्यांनी पाहिली नसतील त्यांनी अवश्य पाहावीत, पावसाळा सोडून. कोटजाई नदीच्या काठी डोंगराच्या पोटात खोदलेल्या या खोल्या. आधी तिथे बौद्ध भिक्षू राहिले, मग वज्रयान पंथाचे लोक आले, शिलाहारांच्या काळात शिवाची आणि गणपतीची पूजा सुरू झाली आणि पुढे नाथपंथी आले. नाथ-सिद्धांची शिल्पं तिथे अजून आहेत. दत्तगुरूंना मानणारा पंथ तो, म्हणजे आपलं नातं लागतंच. तिथेच इ.स. ११३९ चा शिलाहारांचा ताम्रपट मिळाला, त्यात या गावाचं नाव प्रणालक असं आहे. हजार वर्षांहून जास्त काळ त्याच खोल्यांत एक पंथ गेला, दुसरा आला. सातबारा कोणाचाच नव्हता. शेवटी गाळ आणि झाडोरा यांनी ताबा घेतला आणि १९७० च्या सुमाराला अभ्यासक तिथे पोचेपर्यंत बाहेरच्या जगाला त्याची खबर नव्हती.

ज्यांचं नाव लागलं नाही ते टिकलं नाही, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढला. बँकेच्या माणसाला शोभेल असा.

त्याच्या अगदी उलट गोष्ट चिपळूणजवळच्या श्रीक्षेत्र परशुरामाची. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर तिथे रानात राहून तप करत. जन्म १६४९ चा, देह ठेवला १७४५ मध्ये. पेशव्यांचे ते गुरू. हे आपण शाळेत शिकलो. शाळेत शिकवत नाहीत ते हे की स्वामी पैसे कर्जाऊ देत. थोरले बाजीराव त्यांचे कर्जदार होते. स्वामींचा पत्रव्यवहार छापलेला आहे, तो मी थोडा चाळला. एखाद्या जुन्या शाखेची लेजरं उघडावीत तसं वाटलं. देणगी कोणाकडून यायची, कर्ज कोणाकडे थकलं, सगळं आहे. पैसा त्यांनी स्वतःसाठी वापरला असं कोणी म्हणणार नाही. देवळं बांधली, विहिरी, तळी बांधली. पण मोठा पैसा आला की मोठी माणसंही येतात. एका हत्तीवरून भांडण पेटलं आणि १७२७ मध्ये शिवरात्रीच्या सुमारास सिद्दी सात याने परशुराम क्षेत्र लुटलं. स्वामी मन कष्टी करून घाटावर गेले आणि साताऱ्याजवळ धावडशीला राहिले. पुढे १७३६ मध्ये चिमाजी अप्पांनी सिद्दी साताला मारलं, पण स्वामींचं वास्तव्य धावडशीलाच राहिलं.

रानात तप करणाऱ्या माणसाच्या गोष्टीत हत्ती कुठून आला, एवढंच मला विचारायचं आहे. दत्त अवधूतांनी यदूराजाला आपले चोवीस गुरू सांगितले, त्यात मधमाशी आहे. माशी थेंबाथेंबाने मध साठवते आणि तो नेणारा भलताच कोणी येतो. भागवताच्या एकादश स्कंधात हे येतं, नाथांनी त्यावर मराठीत सविस्तर टीका केली. परशुरामाला जे झालं ते त्यापेक्षा वेगळं काय?

माझी एक भाची नोकरीनिमित्त आयर्लंडात आहे, गॉलवे परगण्यात. तिथे हेडफोर्ड गावाजवळ रॉस एरिली नावाचा फ्रान्सिस्कन साधूंचा पडका मठ आहे, तिने त्याचे फोटो पाठवले. छप्पर गेलेलं, भिंती उभ्या. स्वयंपाकघरात जिवंत मासे ठेवायचं दगडी टाकं आहे. ती विचारते, "मामा, हे म्हणे भिक्षा मागून राहणारे साधू, मग एवढा वाडा कोणाचा?" मी वाचून काढलं. त्या साधूंनी काहीही मालकीचं ठेवायचं नाही असा त्यांच्या गुरूंचा, संत फ्रान्सिसचा, दंडक. मग तोड अशी निघाली की मालकी पोपची, साधूंचा फक्त वापर. म्हणजे खातं एकाच्या नावावर, सही दुसऱ्याची! आमच्याकडे अशी खाती बरीच असायची. १३२२ मध्ये पोप जॉन बाविसावे यांनी हे नाव लावून घ्यायला नकार दिला. जे खाल्लं की संपतं त्याचा नुसता वापर आणि मालकी वेगळी कशी काढणार, असा त्यांचा मुद्दा होता. हिशेबाच्या दृष्टीने मला पटला. पुढे इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने १५३६ पासून मठ बरखास्त करायला सुरुवात केली, आयर्लंडातलेही सुटले नाहीत. तिकडचा सिद्दी सात म्हणा.

हे वाचून कोणी म्हणेल, मग मठाने पैसा ठेवूच नये. प. पू. टेंबेस्वामींचं उदाहरण समोर आहेच. माणगावला त्यांनी स्वतः दत्तमंदिर उभं केलं, सात वर्षं सेवा केली आणि देवाची आज्ञा झाली तेव्हा सगळं तिथेच ठेवून निघाले. १८९१ मध्ये संन्यास घेतला, १९१४ मध्ये गरुडेश्वरला नर्मदेकाठी देह ठेवला. मधली सगळी वर्षं पायी फिरले, पैशाला हात लावला नाही. आणि आपल्या पावसचे स्वामी स्वरूपानंद? चाळीस वर्षं दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीत राहिले. अनंत निवास हे घर देसायांचं. नाव लावायचा प्रश्नच आला नाही.

पण माणगावचं मंदिर आज उभं आहे, पावसला समाधीमंदिर आहे, दुपारी प्रसाद मिळतो. तांदूळ कोणीतरी विकत आणतो, बिल कोणीतरी भागवतो. स्वामींनी पैशाला हात लावला नाही, पण कोणाला तरी लावावा लागतोच. तो कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा माझ्यासारखा निवृत्त कारकून.

आता माझ्याकडे येतो. आमच्या वाडीत दत्ताचं छोटं देऊळ आहे, जांभ्याचं, वर कौलं. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदणी झालेली आहे. मी नऊ वर्षं खजिनदार. मुंबईकर मंडळींच्या देणग्या, दत्तजयंतीच्या पावत्या, थोडं आगराचं उत्पन्न असं करून मी ६ लाख ४० हजारांची ठेव उभी केली. व्याज आलं की ते मुद्दलात घालून पुन्हा ठेव. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडकडे तर देवळांवरचे पत्रे पानांसारखे उडाले. आमचीही तिसरा हिस्सा कौलं गेली. तेव्हा एक ठेव मोडली आणि पंधरा दिवसांत छप्पर घातलं, कोणापुढे हात पसरावा लागला नाही. सभेत माझं अभिनंदन झालं.

त्यानंतर दोन वर्षांनी पुजारीकाका माझ्याकडे आले. वय ७१, महिन्याचं मानधन २५०० रुपये. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, खर्च ३८,००० सांगितला होता. संस्थेकडून काही होईल का, असं पायरीवर उभं राहूनच विचारलं. मी त्यांना घटना दाखवली. संस्थेच्या उद्दिष्टांत देवळाची दुरुस्ती आहे, उत्सव आहे, अन्नदान आहे, व्यक्तीला मदत नाही. "नियमात बसत नाही काका," म्हटलं. ते म्हणाले, "बरं भाऊ," आणि गेले. मी खिशातून दोन हजार द्यायला गेलो, ते त्यांनी घेतले नाहीत.

ऑपरेशन राहिलं. पुढच्या भाद्रपदात पहाटे काकड आरतीला येताना पाखाडीवरून पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. पायरी दिसली नाही की शेवाळाने घसरले, हे मला माहीत नाही आणि ते सांगत नाहीत. मुलगा येऊन त्यांना विरारला घेऊन गेला. सात महिने आम्ही पाळीपाळीने पूजा केली. माझ्या पाळीला दोनदा समई रात्री विझलेली सापडली.

ठेव शाबूत होती. कौलांसाठी मी ती मोडली होती, कौलांखालच्या माणसासाठी नाही. नियम दोन्ही वेळा पाळला होता, म्हणून तर अधिक लागतं.

मनाला समजावण्यासाठी मी जुने आधार शोधू लागलो आणि नाशिकच्या पांडवलेण्यांत माझा आधारच निघून गेला. तिथे दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे, क्षत्रप नहपानाचा हा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वी त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी 'अक्षयनीवी' ठेवली. नीवी म्हणजे मुद्दल. ते कधी काढायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. आपली फिक्स डिपॉझिटच. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणीकडे म्हणजे संघाकडे २००० कार्षापण दरमहा शेकडा एक दराने, आणि विणकरांच्याच दुसऱ्या संघाकडे १००० कार्षापण शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मी लगेच कागद घेतला. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले बारा, २४०. एक कवडी शिल्लक नाही!

मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसलो होतो. उषवदाताने मुद्दल अक्षय केलं, व्याज नव्हे. व्याज वर्षाचं वर्षाला माणसाच्या अंगावर वस्त्र होऊन जायचं, ठेवीचं कारणच ते. मी व्याजालाही अक्षय करून टाकलं होतं. मधमाशीने निदान मध गोळा केला, मी पोळ्यावर पोळं चढवत होतो. मघाशी ब्रह्मेंद्रस्वामींच्या हत्तीबद्दल शहाणपणा केला, पण स्वामींच्या पैशातून विहिरी तरी झाल्या.

मठ कोणाच्या नावावर, या प्रश्नाला कायद्याचं उत्तर सोपं आहे. कायदा मूर्तीला व्यक्ती मानतो, देवाच्या नावावर जमीन असू शकते. आमच्याकडे आहेही. पण खातेदार देव असला तर त्याचा खर्च कशावर व्हावा हे कोणी ठरवायचं? दत्तगुरू माझ्या काउंटरवर पैसे काढायची स्लिप घेऊन आले असते तर त्यांनी कौलं लिहिली असती की डोळे? मी नऊ वर्षं त्यांच्या वतीने सही करत होतो आणि हे एकदाही विचारलं नाही.

माघात विरारला जाऊन आलो. काका वॉकर घेऊन चालतात. डोळ्यांचं काम आता मुलाने करून घेतलं. त्यांनी माझ्याकडे पाहून पहिली चौकशी केली ती औदुंबराच्या पाराची, डागडुजी झाली का म्हणून. माफी मागायला मी वाक्य घोटून नेलं होतं. ते अर्धवट ऐकून म्हणाले, "तुम्ही नियमाने केलंत भाऊ, तुमचं काय चुकलं?" त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

यंदाच्या सभेपुढे मी ठराव ठेवला आहे. मुद्दलाला हात लावायचा नाही, पण व्याज त्या वर्षातच संपवायचं. निम्मं पुजाऱ्याच्या मानधनाला आणि औषधपाण्याला, उरलेलं अन्नदान आणि दुरुस्तीला. त्यासाठी घटनेत दुरुस्ती करून धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा लागेल, तो मसुदा मी टाइप करून ठेवला आहे. काकांना मागच्या २५०० च्या फरकापोटी काही रक्कम द्यावी असंही त्यात एक कलम आहे. त्याला विरोध होणार हे दिसतंच आहे.

आमच्या एका ज्येष्ठ विश्वस्तांचा परवा फोन आला. माणूस सज्जन, पोटतिडकीने बोलणारा. म्हणाले, "सगळं व्याज वाटलंस आणि पुन्हा वादळ आलं तर?" मला चटकन उत्तर सुचलं नाही. गुरुचरित्रातला घेवड्याचा वेल आठवला. श्रीगुरू भिक्षेला आले, ब्राह्मणाच्या घरचा तो एकच आधार, आणि जाताना त्यांनी वेलच उपटला. बायको चिडली, रडली. खाली द्रव्याचा हंडा निघाला हे तिला नंतर कळलं. हंडा निघेल अशी हमी मी सभेत कुठून देणार? आणि वेल उपटायचा अधिकार श्रीगुरूंचा, खजिनदाराचा नव्हे, हेही खरंच. तसं मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग?" मी म्हटलं, "वेल उपटत नाही हो. शेंगा तेवढ्या काढू म्हणतो."

सभा दत्तजयंतीच्या आधीच्या रविवारी आहे, सकाळी दहाला, देवळाच्या ओसरीवर. काकांच्या मुलाला कळवलं आहे. प्रवास झेपला तर काकांना घेऊन येईन म्हणाला.