आईचे गुपित आणि मुलाचा कॅमेरा

आपल्या बालपणावर कोणी चित्रपट काढायला घेतला, की त्यात त्याची आई आलीच. आणि आई आली, की तिने उभा जन्म पदराआड झाकलेले दुःखही चारचौघांत आले. ते आणण्याचा अधिकार मुलाला कोणी दिला?

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ (2014) पाहताना हा प्रश्न मला टोचला नाही. स्वतःच्या लहानपणच्या आठवणींतून त्यांनी तो घडवला. बाप गेलेला अकरा वर्षांचा मुलगा, सरकारी नोकरीपायी आईची कोकणात झालेली बदली, परके गाव, पाऊस. अमृता सुभाष यांनी उभी केलेली ती आई पाहून कोणत्याही आईला समाधानच वाटावे.

स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘द फेबलमन्स’ने (2022) मात्र माझी झोप उडवली. त्यातला सिनेमाने झपाटलेला पोरगा म्हणजे बव्हंशी ते स्वतःच. रानात मुक्कामाला गेलेल्या घरच्या मंडळींचे तो चित्रण करतो. पुढे फिल्म कापताजोडताना त्याला दिसते, की आईचा जीव वडिलांच्या मित्रावर जडला आहे. ते तुकडे वगळून तो घरच्यांना हसतीखेळती फिल्म दाखवतो. वगळलेले दाखवतो ते एकट्या आईला. केवढी ही पोरवयातली समज! सगळ्या जगासाठी तीच गोष्ट स्पीलबर्ग यांनी सांगितली ती पंचाहत्तरीला टेकल्यावर. आई 2017 मध्ये गेली, वडील 2020 मध्ये, 103 वर्षांचे होऊन. चित्रपट त्यानंतर आला. लोक याला संयम म्हणतात. मला म्हणवत नाही. गेलेल्या माणसाला दुखत नाही हे खरे, पण ‘असं नव्हतं रे’ असे म्हणताही येत नाही. त्यातल्या त्यात बरे एवढेच, की आईवडील दोघेही हयातीतच कॅमेऱ्यासमोर आपल्या काडीमोडीविषयी बोलले होते.

हा खल आता धरमतरला, आमच्याच ओटीवर येऊन बसला आहे. मुंबईत चित्रपटाच्या धंद्यात उमेदवारी करणारा माझा भाचा स्वतःच्या लहानपणाची संहिता लिहितो आहे. खाडी, डोलवीच्या कारखान्याचा कोळसा आणणारे बार्ज, त्यांच्याकडे टक लावून बसलेला पोर, सारे आहे. आणि आजी आहे. साठ वर्षांपूर्वी माझी आई दोन पोरे घेऊन या धक्क्यावर लाँचमधून उतरली. नवरा बोटीवर नोकरीला आहे, असे तिने गावाला सांगितले. तो कुठेही बोटीवर नव्हता. गावाने कधी खोदून विचारले नाही. कोकणी माणसाच्या चौकसपणाला लोक उगाच नावे ठेवतात!

“मामा, आजी गेल्यावरच काढीन. तिला त्रास नको,” भाचा म्हणाला.

“अरे, मग हो-नाही कोण म्हणणार? आजच वाचून दाखव.”

“आणि नाही म्हणाली तर? तेवढं काढलं तर सिनेमात उरतं काय?”

“तू उरतोस. स्वतःची लाज किती घातली आहेस त्यात, ते आधी बघ.”

तो रुसला. पण रात्री आईच्या खाटेशी बसून त्याने पहिली चार पाने वाचली. आई डोळे मिटून ऐकत होती. लाँचमधून उतरणाऱ्या बाईचे पांढरे लुगडे आले, तशी म्हणाली, “हिरवं होतं.”

त्याने खोडले आणि हिरवे लिहिले. पुढची पाने उद्या वाचायची आहेत.