आवाज बंद केला, पण कोणासाठी?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय २, श्लोक ७०.

स्थितप्रज्ञाच्या लक्षणांमधला हा शेवटाकडचा श्लोक. सगळीकडून नद्या येऊन मिळतात, तरी समुद्र आपली मर्यादा सोडत नाही. तसंच विषय ज्याच्यात येऊन विरून जातात, त्यालाच शांती मिळते. विषयांच्या मागे धावणाऱ्याला नाही. ज्ञानेश्वर महाराज यावर सांगतात की नद्या भरभरून आल्या म्हणून समुद्र वाढत नाही आणि उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून कमीही होत नाही.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. पण मला तो कळला देऊळघाटला, धाकट्या भावाच्या फिश टँकपाशी.

आमचं घर देऊळघाटचं, पैनगंगेच्या काठचं. नोकरीमुळे मी पुण्यात असते, आई-बाबा भावाजवळ. भावाने पुढच्या खोलीत दीडशे लिटरची काचेची टाकी ठेवलीय, गोल्डफिश आहेत. टाकीखाली दुसरी छोटी टाकी, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून खाली येतं, फिल्टरमधून जातं आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर चढवतो. चोवीस तास हेच चक्र.

आणि चोवीस तास गुडगुड! रात्री तर फारच. बाबांची झोप आधीच कमी, आणि मला पहाटे ध्यानाला बसायचं असतं. एका रात्री भाऊ झोपल्यावर मी उठले आणि पंपाच्या पाइपावरचा व्हॉल्व्ह फिरवत फिरवत जवळजवळ बंदच केला. आवाज एकदम गेला. काय सुंदर शांतता! पहाटे ध्यानही छान लागलं.

सकाळी भावाची हाक आली, "ताई, व्हॉल्व्ह तू फिरवला का? मासे वर येऊन तोंड उघडून राहिले."

सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागावर होते, श्वासासाठी धडपडत. पाणी खाली पडतं, खळबळतं, तेव्हा त्यात हवेतला ऑक्सिजन जास्त मिसळतो. मी ते पडणंच थांबवलं होतं. भावाने पंप पूर्ण सुरू केला. बाकीचे हळूहळू सावरले, एक मात्र गेला. भावाने तो पेरूच्या झाडाखाली पुरला. मला एका शब्दानेही बोलला नाही.

ते न बोलणं मला ओळखीचं वाटलं. मागच्या वर्षी मी ठरवलं होतं, रात्री आठ ते सकाळी आठ फोन बंद. साधना, मनःशांती वगैरे. त्याच काळात एका रात्री बाबांना दम लागला. भावाने मला तीनदा फोन केला, मग एकट्यानेच त्यांना बुलढाण्याला नेलं. बाबा बरे झाले. सकाळी मी फोन लावला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "झालं आता, तू काळजी नको करू."

मला वाटत होतं, मी शांत झालेय. खरं तर मी फक्त व्हॉल्व्ह बंद केला होता.

आता श्लोकाकडे परत या. त्यातला पहिलाच शब्द सांगतो, की समुद्र सतत भरला जातोय. तो नद्यांना अडवत नाही, तोंड बंद करून घेत नाही. सगळं येऊ देऊनही तो अचल आहे. शांती म्हणजे आवक बंद करणं असतं, तर भगवंतांनी समुद्राऐवजी झाकण लावलेल्या विहिरीची उपमा दिली असती ना?

मग काय, सगळंच येऊ द्यायचं? नाही. पंप फार मोठा लावला आणि पाइप तेवढं पाणी खाली नेऊ शकला नाही, तर टाकी भरून पाणी घरभर होईल. येळगावचं धरण बघा, तेही पैनगंगेवरचंच. ते भरल्यावर जेवढं येतं तेवढं पुढे सोडावंच लागतं. मर्यादा खरी आहे. सहाव्या अध्यायात भगवंत हेच सांगतात : खाणं, झोपणं, जागणं, अतिही नको आणि अगदी थोडंही नको. फोन बंद ठेवणं चूक नाही. चूक ही, की तो बंद करताना मी फक्त माझ्या कानांचा विचार केला.

त्या दुपारी भावाने आणि मी मिळून टाकी नीट लावली. आवाज पाण्याचा नसतोच, हे तेव्हा कळलं. पाइपात पाण्याबरोबर हवा ओढली जाते, तिची ती गुडगुड असते. ओव्हरफ्लोमध्ये दोन पाइप होते. पंप चालूच ठेवला आणि खाली जाणाऱ्या मुख्य पाइपाचा व्हॉल्व्ह थोडा थोडा आवळला. थोडं फिरवायचं, पाच-दहा मिनिटं थांबायचं, पुन्हा बघायचं. पाणी पाइपाच्या तोंडाच्या वर आलं, हवा शिरायची थांबली आणि पाइप भरून, आवाज न करता वाहू लागला. उरलेली बारीक धार दुसऱ्या, उंच पाइपातून जाते. त्याला व्हॉल्व्ह नाही. पहिला तुंबला तर सगळं पाणी त्यानेच जावं, म्हणून तो कायम मोकळा.

लाईट गेली की वरचं थोडं पाणी खाली उतरतं, म्हणून सम्प काठोकाठ भरायचा नाही, हेही भावानेच सांगितलं.

प्रवाह तेवढाच, मासे मजेत आणि घरात शांतता. माझ्या कामांत गुडगुड कशाची होती? कामाची नव्हती. "मलाच का? माझा वेळ जातोय!" या हवेची होती. सेवा तीच, तिच्यात "मी" शिरला की आवाज सुरू होतो.

आता माझा फोन रात्री सायलेंट असतो, पण भावाचा नंबर वाजतो. तो माझा दुसरा पाइप. मागच्या वर्षीची ती रात्र मात्र परत येणार नाही, आणि भावाची माफी मी या वेळी तोंडाने मागितली. तो म्हणाला, "ताई, माशांना खाऊ टाक." म्हणजे माफ केलं की नाही, मला अजून नक्की कळलेलं नाही.

आजचा संकल्प : शांततेसाठी काही बंद करण्याआधी एकदा विचारूया, या प्रवाहावर कोणाचा श्वास चाललाय?

रामकृष्णहरी! 🙏