मूल कोणाचे?

जोगेश्वरीतील आईबापांनी मुलाला घरीच शिकवायचे ठरविले, तर कायदा आड येतो काय? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे दहावे कलम ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य मानते. ते न पाळणाऱ्या पालकाला मात्र शिक्षा सांगत नाही. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक म्हटले. तरीही शिक्षणाचा हक्क मुलाचा आहे, आपला नव्हे. मुलाला पुस्तक देणारा आणि कामाला जुंपणारा, दोघेही ‘मूल घरीच आहे’ असेच सांगतात. त्या दोघांतला फरक दंडाने नव्हे, सदसद्विवेकबुद्धीनेच ओळखायचा असतो.